दातातला पारा आणि भीतीचा धंदा

दाढेत बसलेली चांदी शाबूत असेल, हलत नसेल, दुखत नसेल, तर ती केवळ 'विष आहे' म्हणून उकरून काढू नका. आणि जी खरोखरच काढावी लागणार आहे, ती काढायला बसताना डॉक्टर रबर डॅम, म्हणजे दाढेभोवतीचा रबरी पडदा, लावणार नसतील, तर त्या खुर्चीतून उठा. आजच्या सदरात सांगायचं ते एवढंच. पण यातलं पहिलंच वाक्य ऐकवणारे वेगळे आहेत आणि दुसरंच ऐकवणारे वेगळे. दोन्ही एका दमात सांगणारं माणूस पेशंटला क्वचित भेटतं, म्हणून हा खटाटोप.

आधी वस्तुस्थिती. आपण जिला चांदी म्हणतो त्या अमालगममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. या धातूंची भुकटी पाऱ्यात घोटली की मऊ गोळा होतो, तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवायचा, काही तासांत घट्ट होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हा मसाला वापरात आला आणि १८३३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. भांडणही तेव्हापासूनचं. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सने 'पारा वापरणार नाही' अशी हमी सभासदांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. पण मसाला स्वस्त होता, टिकत होता, गरिबाची दाढ वाचवत होता. सभासद एकेक करत गळाले आणि १८५६ मध्ये ती संस्थाच मोडली. पाऱ्याला विरोध हे काल-परवाचं फॅड आहे असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांना प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेनेच बाधा झाली होती, आणि त्यांनी १९२६ मध्ये या वाफेबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात दातातल्या चांदीचाही समावेश होता.

म्हणजे पारा विषारी आहे यावर वाद नाही. मुद्दा आहे तो कुठून, कोणत्या रूपात आणि किती शरीरात जातो, हा. चांदीचा तुकडा चुकून गिळला तर तो बहुतांशी तसाच पोटातून बाहेर पडतो. वाफ मात्र वाईट. तिला रंग नाही, वास नाही, आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसातून रक्तात उतरतो. बसलेल्या चांदीतून चावताना, गरम पिताना थोडी वाफ निघते, रात्री झोपेत दात खाणाऱ्यांच्या बाबतीत जरा जास्त. हिशेब दिवसाला काही मायक्रोग्रॅमचा असतो. पण तीच चांदी ड्रिलखाली आली की उष्णतेने वाफ एकदम वाढते आणि बारीक कणांचा फवारा उडतो. ज्याला पाऱ्याची भीती वाटते त्याने सगळ्यात आधी भ्यायला हवं ते विनाकारण चालवलेल्या ड्रिलला.

आता धंद्याकडे वळू. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला एका दवाखान्याचा अंदाजपत्रकाचा कागद दाखवला. जाड, गुळगुळीत कागद, कोपऱ्यात हिरवं पान. खाली ओळी: 'सुरक्षित मर्क्युरी रिमूव्हल', प्रत्येक दाढेचा वेगळा दर. ऑक्सिजन, वेगळा दर. ओझोन, वेगळा दर. 'जड धातू तपासणी'. 'तीन महिन्यांचा डिटॉक्स कोर्स'. शेवटी काढलेल्या जागी बसवायच्या सिरॅमिकच्या कॅप. बेरीज बाईंच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनइतकी. बाईंची तक्रार काय होती? गुडघे दुखतात आणि रात्री झोप लागत नाही. दाढ एकही दुखत नव्हती. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

त्या कागदावरची तपासणीची ओळ नीट समजून घ्या, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. काही ठिकाणी पेशंटला आधी शरीरातले धातू ओढून बाहेर काढणारं औषध देतात, डीएमएसए किंवा डीएमपीएस. मग लघवी तपासतात. असं औषध दिलं की कुणाच्याही लघवीत पाऱ्याचा आकडा चढतो, निरोगी माणसाच्याही. आणि हा चढवलेला आकडा ताडून बघतात औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी. रिपोर्ट लाल रंगात येणारच. अमेरिकेतल्या विषवैद्यांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने, या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट सांगितलेलं आहे. रक्ताच्या तपासणीतही अशीच गफलत होते. रोज मासे खाणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाच्या रक्तात पारा सापडला, तर तो बहुधा माशांतून आलेला मिथाइल मर्क्युरी असतो. दातातल्या चांदीचा माग लागतो तो औषध न देता घेतलेल्या साध्या लघवीत. हा फरक न सांगता आकड्यावर बोट ठेवून घाबरवणं ही फसवणूक आहे, आणि तिला फसवणूकच म्हटलं पाहिजे.

हा प्रयोग नवीन नाही. अमेरिकेत कोलोरॅडोचे दंतवैद्य हॅल हगिन्स यांनी या भीतीची मोहीमच चालवली. मल्टिपल स्क्लेरोसिसपासून कितीतरी दुखण्यांचं खापर त्यांनी दातातल्या चांदीवर फोडलं. डिसेंबर १९९० मध्ये सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमाने चांदी काढताच मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला बरं वाटल्याची कहाणी देशभर दाखवली आणि धडधाकट चांदी काढून घ्यायला लोक रांगा लावू लागले. १९९६ मध्ये हगिन्स यांचा परवाना रद्द झाला. त्या चौकशीत निष्पन्न झालं की त्यांनी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला पाऱ्याची विषबाधा असल्याचं निदान केलं होतं, दातात चांदी नसलेल्या काहींनासुद्धा.

आणि पुरावा? २००६ च्या एप्रिलमध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी छापून आल्या. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या ५३४ मुलांवर, दुसरी लिस्बनमधल्या ५०७ मुलांवर. अर्ध्या मुलांना चांदी भरली, अर्ध्यांना पांढरा मसाला, आणि कित्येक वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. स्मरणशक्ती, बुद्ध्यंक, मज्जासंस्था यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या एका चाचणीने तर थेट आपल्याच प्रश्नाला हात घातला. 'चांदीमुळे मला त्रास होतो' असं मानणाऱ्या ९० जणांचे तीन गट केले. एकाची चांदी काढली. दुसऱ्याची काढून वर डिटॉक्सही दिलं. तिसऱ्याच्या चांदीला हात न लावता राहणीमान सुधारण्याचं मार्गदर्शन दिलं. तिन्ही गटांना बरं वाटलं आणि त्यांच्यात ठळक फरक आढळला नाही. बाईंच्या हातातल्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या डॉक्टरांनी आता पुढचंही ऐकावं. 'काही होत नाही हो, आम्ही वर्षानुवर्षं अशीच काढतोय' हे उत्तरही तितकंच बेफिकीर आहे.

चांदी काढायची वेळ खरोखर येते. भराव तुटतो, खाली कीड लागते, दाढेला चीर जाते. काहींना चांदीला लागून असलेल्या गालाच्या आतल्या कातडीवर पांढरट, चुरचुरणारे चट्टे येतात आणि चांदी काढल्यावर ते बहुतेकदा जातात. अशा वेळी ती कशी काढतात यावर सगळं अवलंबून आहे. नीट काढलेली चांदी अशी निघते: आधी दाढेभोवती पातळ रबराचा पडदा ताणून बसवतात, क्लॅम्पने पकडतात, ती एक दाढ तेवढी बाहेर आणि बाकी तोंड, जीभ, घसा पडद्याआड. मोठ्या ताकदीचं सक्शन दाढेच्या अगदी लगत धरतात. पाण्याची धार चालू ठेवतात म्हणजे दाढ तापत नाही. ड्रिलला नवा, धारदार बर लावतात आणि चांदी भुकटी होईपर्यंत घासत बसत नाहीत. कडेने खाचा पाडतात आणि ती मोठ्या तुकड्यांत उचलून काढतात. पडदा काढायच्या आधी सगळं धुऊन, ओढून घेतात, मग पेशंटला चूळ भरायला लावतात. डॉक्टर आणि मदतनीस दोघांच्याही तोंडावर योग्य मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि खिडकी उघडी किंवा हवा खेचणारं यंत्र चालू.

'होलिस्टिक' किंवा 'बायोलॉजिकल' दंतवैद्यक म्हणवणाऱ्यांमध्ये ज्या संस्थेचा शब्द चालतो, ती १९८४ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ ओरल मेडिसिन अँड टॉक्सिकॉलॉजी. तिच्या 'स्मार्ट' नावाच्या पद्धतीत हे सगळं आहे, वर पेशंटच्या नाकाला वेगळी शुद्ध हवा किंवा ऑक्सिजन, अंगावर आच्छादन, कोळशाच्या भुकटीची चूळ, असंही बरंच काही. त्यातलं पडदा, सक्शन, पाणी आणि तुकडे हे चार खांब भक्कम आहेत. वाफ आणि कण तोंडात, हवेत जाऊ न देण्याची ती साधी रीत आहे. शिरेतून दिलेलं क जीवनसत्त्व, क्लोरेलाच्या गोळ्या, महिनोन्महिने चालणारा डिटॉक्स यांच्या बाजूने तसा पुरावा नाही. जाहिरातीत मात्र हे सगळं एकाच पुड्यात बांधलेलं असतं, आणि पुडा बांधणाऱ्याला ते वेगळं करून दाखवायचं नसतं.

माझा राग इथे आहे. रबर डॅम ही काही विलायती चैन नाही. रूट कॅनल करताना तो लावावा हे आपल्या प्रत्येक दंत महाविद्यालयात शिकवलं जातं. पडद्याचा एक तुकडा चहा-नाश्त्याच्या खर्चात बसतो. तरीही आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांत तो कपाटातच पडून असतो, कारण लावायला वेळ लागतो आणि बाहेर रांग असते. जी काळजी प्रत्येक पेशंटला न मागता मिळायला हवी ती अर्ध्या दवाखान्यांत मिळत नाही, आणि उरलेल्यांपैकी काही ती 'सुरक्षित रिमूव्हल' म्हणून वेगळ्या दराने विकतात. नेहमीच्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं असतं तर भीतीच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

पेशंटबद्दल एवढं बोलतो, तर खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या मुलीबद्दलही बोलू. पेशंटची चांदी आयुष्यात एखाद-दोनदा निघते. मदतनीस मुलगी आठवड्याचे सहा दिवस त्याच बंद खोलीत, त्याच एसीत उभी असते. आता चांदीचा मसाला तयार कॅप्सूलमध्ये मिळतो. पण आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना विचारा. छोट्या काचेच्या खलात पारा आणि भुकटी घोटायची, तो ओला गोळा कापडाच्या तुकड्यात घ्यायचा, बोटांनी पिळायचा. जास्तीचा पारा चकाकत्या थेंबांनी बाहेर यायचा, काही वाटीत, काही टेबलावर, काही फरशीच्या फटीत. हातमोजे असतील तर नशीब. फटीतला तो पारा वर्षानुवर्षं वाफ सोडत राहायचा. पाऱ्याने दंतवैद्यकात कुणाला सगळ्यात जास्त गाठलं असेल तर ते हे मसाला पिळणारे हात आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली माणसं. हिरव्या पानाच्या कागदावर त्यांच्यासाठी एकही ओळ नसते, आणि नेहमीच्या दवाखान्याच्या नियमावलीतही फारशी नसते.

तिसरा अदृश्य भागीदार म्हणजे गटार. तुम्ही चूळ भरून थुंकता ते चांदीचे कण बेसिनमधून नळीत, नळीतून गटारात, तिथून नदीत जातात. पाण्याच्या तळाशी सूक्ष्मजीव पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते माशात साठतं, आणि मासा आपल्या ताटात येतो. जपानच्या मिनामाता शहरात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच विष माशांत आणि माशांतून माणसांत गेलं. १ मे १९५६ ला त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आपल्याकडे तामिळनाडूत कोडाईकॅनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ मध्ये बंद पडला. दंत दवाखान्याच्या खुर्चीला एक गाळणयंत्र बसवता येतं, अमालगम सेपरेटर. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते किमान ९५ टक्के चांदी अडवतं. अमेरिकेत चांदी भरणाऱ्या किंवा काढणाऱ्या दवाखान्यांना ते जुलै २०२० पासून सक्तीचं झालं, युरोपात त्याआधीच. 'आम्ही सुरक्षित पद्धतीने पारा काढतो' असं पाटीवर लिहिणाऱ्या दवाखान्यात जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: सेपरेटर आहे का, आणि त्यात अडकलेला माल कोण घेऊन जातं? उत्तर अडखळलं तर ती सुरक्षितता गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती आहे.

कायद्याची दिशा ठरलेली आहे. मिनामाताच्या नावाने २०१३ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना चांदी भरू नये, असं युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून ठरवलं, आणि जानेवारी २०२५ पासून अगदी वैद्यकीय गरज सोडली तर सगळ्यांसाठीच ती बंद केली. नॉर्वे आणि स्वीडनने तर दशकभर आधीच हात काढून घेतला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०३४ पर्यंत जगभर चांदीचा वापर थांबवायचं ठरवलं. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत करतो.

पण सावध राहा. याच बातमीची कात्रणं आता दवाखान्यांच्या भिंतींवर लागतील: 'बघा, युरोपने बंदी घातली, तुमच्या तोंडात अजून आहे!' बंदी आहे ती नवी चांदी भरण्यावर. तिचं मोठं कारण आहे पर्यावरण, खाणीपासून स्मशानापर्यंत पसरणारा पारा. बसलेली चांगली चांदी उपटून काढा असं त्यात कुठेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे आणि मज्जासंस्थेचे रुग्ण अशांना नवी चांदी शक्यतो टाळा म्हणून सांगितलं आणि त्याच निवेदनात हेही सांगितलं की सुस्थितीतला भराव वैद्यकीय गरजेशिवाय काढू नका, कारण काढताना वाफ वाढते आणि चांगली दाढही कोरली जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार तर ॲलर्जी नसलेल्या पेशंटची चांदी डॉक्टरने केवळ 'विष काढायला' म्हणून आपणहून काढायला लावणं अनैतिक आहे. आपल्या दंत परिषदांनीही हे वाक्य मराठीत लिहून दवाखान्यांत लावायला लावावं.

आणि चांदीच्या जागी जे येतं तेही अमृत नव्हे. पांढरा कंपोझिट दिसायला छान, पण मागच्या दाढांत तो चांदीपेक्षा लवकर निकामी होतो आणि त्याच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचं प्रमाण जास्त असतं. दर वेळी बदलताना थोडी दाढ जाते. भराव, मोठा भराव, रूट कॅनल, कॅप, आणि शेवटी दाढच काढायची, ही वाट भीतीपोटी सुरू करायचं काही कारण नाही. आगीतून फुफाट्यात जायला पैसे कशाला मोजायचे?

तुमच्या दाढेत चांदी असेल तर एवढं करा. वर्षातून एकदा साध्या तपासणीत ती दाखवून घ्या. 'काढू या' असं सांगितलं तर 'का' ते विचारा. कीड, चीर, तूट किंवा चट्टा यांपैकी काय आहे ते आरशात किंवा एक्स-रेवर दाखवायला लावा. 'विष' एवढंच कारण असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल आणि घाई नसेल तर थांबा. काढायचं ठरलंच तर रबर डॅम, मोठं सक्शन, पाणी आणि तुकड्यांत काढणं या चार गोष्टी आधी कबूल करून घ्या. औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीला नाही म्हणा. डिटॉक्सच्या पुड्यालाही नाही म्हणा, चांदी निघाल्यावर शरीर आपला पारा लघवीवाटे आपणच बाहेर टाकतं. आणि सांधे दुखत असतील, झोप लागत नसेल, हातपाय बधिर होत असतील, तर त्यासाठीच्या डॉक्टरकडे जा. चुकीच्या खुर्चीत गेलेले महिने खऱ्या आजाराला मोकळं रान देतात, आणि या धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

मागणी शासनाकडे आणि दंतवैद्यकाच्या नियामकांकडे आहे. १९४८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. नव्या व्यवस्थेने पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: चांदी काढताना रबर डॅम, प्रत्येक दंत महाविद्यालयात आणि चांदी काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात सेपरेटर, आणि 'विषमुक्ती'च्या नावाने शाबूत चांदी काढणाऱ्यावर कारवाई. पहिल्या दोन गोष्टींनी पेशंट, मदतनीस मुलगी आणि नदी वाचेल. तिसरीने आमच्या शिक्षिकाबाईंसारख्यांची पेन्शन वाचेल. २०३४ पर्यंत नवी चांदी थांबेल, पण आधी भरलेली लाखो तोंडांत त्यानंतरही कितीतरी वर्षं राहणार आहे, आणि एकेक करून ती कधीतरी ड्रिलखाली येणारच आहे. तेव्हाची काळजी हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे. त्याचं वेगळं बिल लावायचा अधिकार कुणालाही नाही.